जानेवारीतील स्पर्धेसाठी छोटी संकल्पना-बाग: फुललेला सडा बारा चौरस मीटरमध्ये बसवता येईल का?

ओंजळभर (प्रश्न)

नमस्कार. पुण्यातील आमच्या हौशी बागप्रेमींच्या गटाने येत्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात भरणाऱ्या एका पुष्पप्रदर्शनात छोट्या संकल्पना-बागांच्या विभागासाठी नाव नोंदवले आहे. प्रत्येक गटाला ४ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल जागा मिळणार असून मागे आणि उजव्या बाजूला आडोसा असेल. प्रेक्षक समोरून आणि डाव्या बाजूने पाहतील. जमीन खणण्यास परवानगी नाही, त्यामुळे जे काही करायचे ते जमिनीवरच उभे करावे लागेल. उभारणीसाठी दोन दिवस मिळतील आणि प्रदर्शन तीन दिवस चालेल. विषय ‘महाराष्ट्राचे भूदृश्य’ असा ठरवून दिलेला आहे.

आमच्या बैठकीत सर्वांत जास्त मते कास पठारासारख्या फुललेल्या सड्याला, म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या कातळपठाराला, मिळाली. त्याच वेळी कोणी तुळशीवृंदावन सुचवले, कोणी रहाटाची विहीर, कोणी मागच्या भिंतीवर वारली चित्रे, तर कोणी कोपऱ्यात किल्ल्याचा बुरूज. कोणालाच नाही म्हणणे जड जात असल्याने सध्या कच्च्या आराखड्यात हे सगळेच आहे, आणि आराखडा पाहिल्यावर आपण नेमके काय दाखवत आहोत हे आमचे आम्हालाच सांगता येत नाही. आता जुलै संपत आला आहे, म्हणजे रोपे वाढवण्यास वेळ हातात आहे. विषयाची निवड कशी करावी, एवढ्या जागेत किती गोष्टी ठेवाव्यात, आणि जानेवारीत कोणत्या वनस्पती खरोखर साथ देतील, याविषयी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

काळीभोर

मी व्यवसायाने बागरचनाकार आहे आणि अशा स्पर्धांच्या परीक्षणासाठीही बसलेलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सड्याचा विचार पहिल्यांदा बाजूला ठेवा, आणि त्याचे कारण सौंदर्याचे नसून ऋतूचे आहे. कासचा तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे, आभाळी ही सगळी मंडळी पावसाच्या पाण्यावर जगणारी असून ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत त्यांचा खेळ आटोपतो. जांभ्या खडकावर काही बोटे जाडीचा मातीचा थर, त्यात साठलेले पाणी आणि सतत दमट हवा, या तीन गोष्टींवर ते सारे उभे असते. जानेवारीत तोच सडा वाळलेले गवत आणि काळपट कातळ एवढाच दिसतो. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती तर पुण्याच्या कोरड्या थंडीत कुंडीत तगवणेही कठीण. शिवाय हे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे. तेथून रोप, कंद किंवा मातीचे ढेकूळही आणण्याचा विचार कोणाच्या मनात येऊ नये. मग उरतात त्या कागदाच्या किंवा कापडाच्या फुलांच्या नकला, आणि वनस्पतींच्या स्पर्धेत त्या आणणे म्हणजे आपणच आपले गुण कापून घेणे होय.

आता मुख्य मुद्दा. बारा चौरस मीटरमध्ये महाराष्ट्र दाखवता येत नाही. महाराष्ट्रातील एक जागा आणि त्या जागेचा एक विशिष्ट काळ दाखवता येतो. तुमच्या यादीत वृंदावन अंगणातले आहे, विहीर मळ्यातली, वारली चित्रे डहाणू-जव्हारच्या पाड्यांवरची आणि बुरूज सह्याद्रीच्या कड्यावरचा. एका नजरेत मावणाऱ्या जागेत चार प्रदेश उभे केले की तेथे बाग राहत नाही, पर्यटन खात्याचा चित्ररथ होतो. म्हणून आधी तीन वाक्ये कागदावर उतरवा: ही जागा कोणती, वर्षातला काळ कोणता, आणि येथे माणूस कशासाठी येतो. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात, जे १९१३ पासून रॉयल हॉस्पिटलच्या आवारात भरते, रचनाकाराला असे हेतुपत्र आधी द्यावे लागते आणि त्याने जे करण्याचे ठरवले ते कितपत साधले, हे परीक्षक तपासतात. तेथे बागा एकमेकींशी नव्हे तर ठरलेल्या कसोट्यांशी ताडल्या जातात, त्यामुळे एकाच वर्षी अनेक बागांना सुवर्णपदक मिळू शकते. तुमच्या आयोजकांनी हेतुपत्र मागितले नसले तरी ते लिहाच, कारण त्याचा खरा उपयोग परीक्षकांपेक्षा तुमच्या बैठकीला होईल. एखादी वस्तू त्या तीन वाक्यांत बसत नसेल, तर ती सुचवणाऱ्याला नाही म्हणणे सोपे जाईल.

आणि काळ निवडायचा तर जानेवारीच का निवडू नये? प्रदर्शन जानेवारीत आहे, तर जानेवारीत जे भूदृश्य ऐन भरात असते तेच दाखवा. माझी सूचना अशी: भीमेच्या खोऱ्यातले काळे रान, मंगळवेढा-सोलापूरच्या बाजूचे, हुरड्याच्या दिवसांतले. मागे ज्वारीची ताटे, त्यांच्या कडेने करडईच्या ओळी, पुढे हरभरा आणि जवस, आणि बांधावर तरवड, बोर व पिकलेले कुसळी गवत. जवसाची निळी फुले, करडईची पिवळी-केशरी बोंडे आणि कणसांचा फिकट हिरवा रंग एकत्र पाहिल्यावर तुम्हाला सड्याची आठवण येणार नाही, असे मला वाटते. करडई ज्वारीच्या कडेला लावण्याचे कारणही पाहणाऱ्यापर्यंत पोचावे: तिची पाने व बोंडे काटेरी असतात, जनावर त्यातून आत शिरत नाही. ते कुंपणच आहे, आणि फुलतेही. एखाद्या रचनेत उपयोग आणि शोभा अशी एकाच ठिकाणी सापडली की फलकावर फारसे लिहावे लागत नाही.

वस्तू एकच ठेवा: हुरडा भाजण्याची आगटी. पसरलेल्या मातीत उथळ खळगा, त्यात राख, कडेला चार गोवऱ्या, शेजारी पसरलेले गोणपाट आणि मूठभर तोडलेली कणसे. जाळ करू नका, परवानगीही मिळणार नाही. माणसे आत्ताच उठून गेली आहेत इतके कळले की पुरे. बुजगावणे टाळा, ते प्रत्येकाला सुचते आणि छोट्या बागेत सगळ्यांची नजर तेच खाऊन टाकते. राखणीचा माळा उभारण्याचा मोहही होईल, परंतु चार मीटरच्या रुंदीत माळा आला की शेत त्याचे अंगण होऊन बसते.

तगर

वरील कल्पना मनापासून आवडली. माझी स्वतःची रोपवाटिका असल्याने तिच्या वेळापत्रकाविषयी लिहिते, कारण हे काम बाजारातून रोपे आणून होणारे नाही. शेतातली पिके कोणी कुंडीत विकत नाही.

प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटे मोजत चला. मालदांडी ज्वारी साधारण चार महिन्यांत तयार होते, परंतु तुम्हाला तयार दाणा नको, दुधाळ अवस्थेतून नुकता घट्ट होऊ लागलेला हुरड्याचा दाणा हवा. त्यासाठी पेरणीपासून साधारण पंच्याण्णव ते शंभर दिवस धरावेत, म्हणजे पेरणी ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास येते. हुरड्यासाठीच लावली जाणारी गुळभेंडी, सुरती यांसारखी वाणे किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले उत्तरा मिळाली तर उत्तम. त्यांचा कालावधी बियाणे घेताना विचारून घ्या. करडईला फुलोऱ्यापर्यंत पंचाहत्तर ते पंच्याऐंशी दिवस लागतात, तेव्हा ती ऑक्टोबर-अखेर ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पेरावी. हरभऱ्यावर फुलांसोबत घाटेही दिसायला हवे असतील तर नोव्हेंबरचा मध्य, आणि जवस पन्नास दिवसांच्या आसपास फुलू लागत असल्याने त्याची पेरणी नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. थंडी कमी-जास्त झाली की यातले काहीही आठवडाभर पुढे-मागे सरकते. म्हणून प्रत्येक पीक आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन खेपांत पेरा आणि लागणार असतील त्याच्या दुप्पट रोपे वाढवा. शेतात ज्वारीची दाटी चौरस मीटरला साधारण पंधरा ताटांची असते. तुमच्या मागच्या पट्ट्याला अडीच-तीन चौरस मीटर मिळाले तर चाळीस-पंचेचाळीस ताटे लागतील, म्हणजे नव्वद वाढवावीत.

करडई, हरभरा आणि जवस या तिघांनाही सोटमूळ असते आणि ते दुखावले की झाड मान टाकते. त्यामुळे वाफ्यात वाढवून नंतर पिशवीत हलवण्याचा विचार करू नका. ज्या पिशवीत पेराल तीच प्रदर्शनात जाईल असे धरून चाला. ज्वारी व करडईला १२ बाय १५ इंची पिशवी लागेल. ज्वारीची एका पिशवीत दोन ताटे पुरेत. पिशवीतली ज्वारी शेतातल्याएवढी उंच होत नाही, आणि तुमच्या जागेचा विचार करता ते सोयीचेच आहे. हरभरा व जवस उथळ, रुंद ट्रेमध्ये दाट पेरले तर उभारणीच्या वेळी सलग पट्टा दिसतो. ज्वारीच्या कोवळ्या रोपांवर पहिल्या महिन्यात खोडमाशी पडते आणि मधला पोंगा वाळतो, म्हणून तेवढे दिवस बारीक जाळीखाली ठेवा. नत्र जपून द्या. कुंडीतल्या झाडाला लाड म्हणून युरिया दिला की ताट लुसलुशीत होते आणि टेम्पोत पहिल्या खड्ड्याला मोडते.

जवसाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती पुस्तकात वाचून लक्षात येत नाही. त्याचे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडतात. दुसऱ्या दिवशी नवी फुले येतात. परीक्षकांची फेरी सकाळी असेल तर तुमची बाग निळी दिसेल, दुपारी तीनला असेल तर हिरवी. आयोजकांना फेरीची वेळ विचारा आणि दुपारची असेल तर निळ्या रंगावर मांडणीचा तोल ठेवू नका.

बांधावरच्या वनस्पतींपैकी तरवड देशी झाडांच्या रोपवाटिकेत मिळतो. आत्ताच मोठ्या पिशवीतले झाड घेऊन उन्हात ठेवा. रुईच्या मागे लागू नका, उपटलेली रुई सहसा लागत नाही. कुसळी गवत दिवाळीनंतर कापून, पेंढ्या बांधून कोरडे जपून ठेवता येते, मात्र त्याची कुसळे कपड्यांत घुसतात, तेव्हा ते प्रेक्षकांच्या हाताच्या अंतरावर नको.

शेवंतीचा वाफा

थोडा वेगळा सूर लावतो, तो विरोधासाठी विरोध समजू नये. संकल्पना अभ्यासपूर्ण आहे, परंतु जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला येणारा माणूस तिकीट काढून फुले पाहायला येतो. मुंबईत वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात महानगरपालिकेचे वार्षिक प्रदर्शन भरते, तेव्हा सर्वांत मोठी गर्दी फुलांनी मढवलेल्या भव्य प्रतिकृतींपुढे असते, हे आपण सगळे पाहतो. शेजारच्या गटाने पिटुनिया, फ्लॉक्स, डेलिया आणि शेवंतीचे डोंगर रचले असतील, तर तुमच्या शेतापुढे कोण थांबणार? शिवाय शेत म्हणजे बाग नव्हे, असा आक्षेप एखाद्या परीक्षकाने घेतला तर त्याचे उत्तर काय? शेवंती ही तरी आपल्याच मातीतली म्हणावी इतकी रुळलेली आहे, फुलशेतीतही तिचे मोठे स्थान आहे. शेवंतीचा मळा दाखवला तर रंगही मिळेल आणि भूदृश्यही.

काळीभोर

आक्षेप रास्त आहे आणि त्यातला अर्धा मला मान्य आहे. प्रतिकृती आणि बाग यांना वेगवेगळे गुण असतात. फुलांनी मढवलेला हत्ती हे कौशल्याचे काम आहे, परंतु त्यात झाड कसे वाढते, कोणाच्या शेजारी वाढते, सावली कुठे पडते याचा विचार करावा लागत नाही. विभाग जर संकल्पना-बागेचा असेल तर परीक्षक दुसऱ्या गोष्टी शोधतील. फ्रान्समधील शोमाँ-सुर-ल्वार येथे १९९२ पासून उद्यान-महोत्सव भरतो, तेथे दर वर्षी एक विषय दिला जातो. २०२३ चा विषय तग धरणारी, संकटातून सावरणारी बाग असा होता. तेथील मांडण्यांत भाज्या, गवते, पिके हे सारे बागेचे साहित्य म्हणून सहज वापरले जाते. अर्थात तेथील बागा वसंतापासून शरदापर्यंत उभ्या असतात आणि जागा आपल्यापेक्षा कितीतरी मोठी मिळते, त्यामुळे तेथून फक्त दृष्टी घ्यावी, मापे घेऊ नयेत.

शेत म्हणजे बाग नव्हे, हा मुद्दा मात्र गांभीर्याने घ्या. शेताचा तुकडा जसाच्या तसा उचलून आणला तर तो कृषी प्रदर्शनातला नमुना-वाफा दिसेल. बाग होण्यासाठी त्यात नजरेला वाट हवी, थांबण्याची जागा हवी आणि काही झाकलेले, काही उघडे असे हवे. ते पिकांच्या निवडीतून येणार नाही, मांडणीतूनच येईल. शेवंतीचा मळा हा पर्याय चांगला आहे, मी तो उडवून लावत नाही. परंतु एकाच पिकाच्या सलग पट्ट्यात बारा चौरस मीटरमध्ये करण्यासारखे फार थोडे उरते, आणि शेजारच्या गटांकडेही शेवंती असणारच.

ओंजळभर

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठकीत हे सगळे वाचून दाखवले आणि हुरड्याच्या रानावर बहुतेकांचे एकमत झाले. किल्ला आणि वारली चित्रे ज्यांनी सुचवली होती त्यांनीच ती मागे घेतली. तीन वाक्ये लिहिली ती अशी: ‘ही मंगळवेढ्याच्या बाजूची, गाडीवाटेलगतची काळ्या रानाची कड आहे. पौष महिना असून ज्वारी हुरड्याला आली आहे. येथे माणसे उन्हं कलताना हुरडा खायला येतात.’

दोन अडचणी राहिल्या. पहिली अशी की आमच्या एका ज्येष्ठ सभासद काकूंचा वृंदावनासाठी आग्रह कायम आहे आणि त्यांचा मान राखणे आम्हाला आवश्यक वाटते. दुसरी अडचण उभारणीची आहे. पिशव्या फूटभर उंच असतील, खणता येत नाही, मग त्या लपवायच्या कशा? सगळीकडे फूटभर माती भरायची म्हटले तर वजन आणि खर्च दोन्ही आवाक्याबाहेर जाते.

पाणंद

मी प्रदर्शनांच्या उभारणीची कामे करतो, म्हणून दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो.

बारा चौरस मीटरवर फूटभर माती म्हणजे साडेतीन घनमीटरच्या वर, आणि ओली काळी माती घनमीटरला साधारण पावणेदोन टन भरते. सहा टन माती दोन दिवसांत आणून, पसरून, नंतर उचलून न्यायची, हे करण्याचे काहीही कारण नाही. तुमच्या हेतुपत्रातच उत्तर आहे: गाडीवाट. काळ्या रानातली गाडीवाट चाकांनी आणि पावसाने खचून शेतापेक्षा खाली गेलेली असते. म्हणून समोरचा आणि डाव्या बाजूचा साधारण पाऊण मीटरचा पट्टा जमिनीच्या पातळीवरच मोकळा ठेवा, त्यावर दोन बोटे माती टाकून चाकोऱ्या उमटवा, आणि त्याच्या आत शेताची कड फूटभर वर चढवा. पिशव्या त्या कडेच्या मागे आपोआप झाकल्या जातील. प्रेक्षकालाही आपण वाटेवर उभे राहून शेताकडे पाहत आहोत असे वाटेल, दोरी लावून अडवल्यासारखे वाटणार नाही.

पिशव्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पालथे क्रेट ठेवा, त्यावर गोणपाट अंथरा आणि त्यावर दोन इंच माती पसरा. एवढ्याला अर्धा घनमीटरच्या आसपास माती पुरते. कडेच्या उतारासाठी मातीने भरलेली पोती तिरकी रचून वरून काळ्या मातीचा लेप द्या. नुसती माती उभी राहत नाही, पहिल्या पाण्याला घसरते. त्या उतारावर हराळीचे तुकडे आणि मध्ये मध्ये कुसळीचे झुबके बसवा. काळी माती आणताना ढेकळांसकट आणा, चाळू नका, चाळलेली माती कुंडीतल्यासारखी दिसते. आणि ती कोरडीच अंथरा. ओली काळी माती बुटांना चिकटून सगळ्या मांडणीवर पायांचे ठसे पाडते. पाणी उभारणी पूर्ण झाल्यावर, फक्त पिशव्यांत, सकाळी लवकर.

मांडणीविषयी एकच सांगतो. बांध समोरच्या कडेला समांतर घेऊ नका, तिरका घ्या: डाव्या पुढच्या कोपऱ्यातून उजव्या मागच्या कोपऱ्याकडे. समांतर ओळींत तीन मीटर खोली एका दृष्टिक्षेपात संपते; तिरक्या बांधामुळे नजर पावणेपाच-पाच मीटर धावते. बांधाच्या उजवीकडे पुढे उरणाऱ्या त्रिकोणात आगटी येऊ द्या, आणि ज्वारी मागे डावीकडे दाट, उजवीकडे विरळ. आडोशाच्या पडद्याला काहीही रंगवू नका, फिकट मातकट कापड लावा, म्हणजे ताटे त्याच्यावर स्पष्ट उठून दिसतील. ताटांमधून पडदा थोडा दिसला तरी चालते. मागे आणखी रान आहे असा भास त्यानेच होतो.

तगर

काकूंच्या वृंदावनाबद्दल: बांधकामाचे वृंदावन शेतात बसणार नाही, परंतु काळ्या रानात बांधावर शेंदूर लावलेला एखादा दगड असतोच, म्हसोबाचा किंवा नुसताच रानदेवाचा. तरवडाच्या बुडाशी असा एक दगड आणि त्यापुढे पाच कणसे ठेवली तर श्रद्धेचा मान राहील आणि जागेशी विसंगतही होणार नाही. ते दगड निवडण्याचे आणि मांडण्याचे काम काकूंकडेच द्यावे, असे सुचवते. तो दगड प्रेक्षकाला सहज सापडू नये इतका आत असावा.

करडईबाबत एक भर. डाव्या बाजूने प्रेक्षक अगदी जवळ येणार असतील आणि लहान मुले असतील, तर त्या बाजूला बिनकाटेरी वाण लावा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे नारी-६ हे तसे वाण आहे. आतल्या ओळी मात्र काटेरीच ठेवा, कारण कुंपणाची गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

ओंजळभर

काकूंनी दगडाची कल्पना लगेच स्वीकारली आणि तो आपल्या माहेराहून, माढ्याकडून आणणार असल्याचेही सांगून टाकले. तिरक्या बांधाचा आराखडा आम्ही गच्चीवर खडूने आखून पाहिला. खोली खरोखर वाढल्यासारखी वाटते. आगटी मात्र बांधाच्या रेषेला फार जवळ आल्यासारखी वाटली, म्हणून ती थोडी पुढे, गाडीवाटेच्या चढणीपाशी घेतली आहे. परीक्षकांची फेरी पहिल्या दिवशी सकाळी दहाला असल्याचे आयोजकांनी कळवले, त्यामुळे जवस कायम.

शेवटचा प्रश्न विचारते. प्रदर्शनाची जागा मोठ्या झाडांनी वेढलेली आहे आणि तेथे पोपट भरपूर आहेत. तीन दिवस कणसे टिकतील का?

काळीभोर

संध्याकाळी प्रेक्षक गेल्यावर आणि पहाटे उजाडताना पोपटांची धाड पडेल, दिवसा माणसांच्या वर्दळीत ते सहसा उतरणार नाहीत. रात्री बाग बंद होताना ज्वारीवर नायलॉनची जाळी टाका आणि सकाळी दरवाजे उघडण्यापूर्वी काढा. जाळी ताटांना टेकू नये म्हणून चार कोपऱ्यांना बांबू आधीच उभे करून ठेवा, ते मागच्या पडद्याच्या रंगाचेच असू द्यात. तरीही दोन-चार कणसे टिपली जातील. ती बदलू नका, खाल्लेले कणीस शेतात असतेच. फक्त राखीव ताटांपैकी दहा-बारा जवळच्या सावलीत उभी ठेवा, कारण पाखरांपेक्षा जास्त कणसे प्रेक्षक मोडून नेतील, विशेषतः ज्यांना हुरड्याची चव ठाऊक आहे ते.